परदेशातील कायद्याची पदवी आणि जबलपूरचे घर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातील गृहस्थ कागदांचे जाड पाकीट घेऊन घरी आले. जबलपुरातील संरक्षण खात्याच्या एका कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले आहेत. राइट टाउन भागात वडिलांनी बांधलेले घर, पत्नी, एक विवाहित मुलगी आणि पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा असा त्यांचा संसार. पाकिटात लंडनच्या एका विद्यापीठाचे एलएल.एम.चे प्रवेशपत्र होते, बँकेचा कर्जाचा अर्ज होता आणि राहत्या घराच्या मूळ खरेदीखताची छायाप्रत होती.

‘साहेब, कागद सगळे जुळवलेत. एकच गोष्ट कळत नाही,’ ते म्हणाले. ‘हा परत आल्यावर याचं नक्की काय होतं?’

मुलगा शेजारीच बसला होता. त्याचा वडिलांच्या प्रश्नाला आक्षेप नव्हता; त्यालाही उत्तर हवे होते. मी तीन दशकांहून अधिक काळ सरकारी सेवेत काढली. शिष्यवृत्त्यांच्या छाननी समितीवरही दोनदा बसलो. तरीही त्या दिवशी मला सरळ उत्तर देता आले नाही. पुढचे काही आठवडे मी नियम, राजपत्रे आणि जुने ग्रंथ चाळले. हा लेख त्याचेच फलित आहे. मूळ शिक्षण इतिहासाचे असल्यामुळे सुरुवात मागून करतो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

जबलपूरला कायद्याच्या शिक्षणाचे आकर्षण का, हे समजायला या शहराचा नागपूरशी असलेला संबंध आठवावा लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८१७-१८च्या युद्धानंतर तो इंग्रजांकडे गेला, आणि १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर त्याची सूत्रे नागपुरातून हलू लागली. येथील अपिले नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयात जात आणि १९३६पासून नागपूर उच्च न्यायालयात. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भोपाळला राजधानी मिळाली आणि जबलपूरला उच्च न्यायालय. कायद्याच्या भाषेत पाहिले तर मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय म्हणजे नागपूरच्याच उच्च न्यायालयाचे पुढचे रूप. विदर्भ मुंबईकडे गेला, न्यायालय नर्मदेकडे आले. मराठी वकिली घराण्यांच्या अर्ध्या आठवणी आजही नागपुरात आहेत आणि अर्ध्या जबलपुरात.

या नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले, १९३०मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी नागपुरात वकिली करू लागले. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती कमी सांगितली जाणारी गोष्ट: वकिली चालू असतानाच, १९३५ ते १९४३ या काळात, ते नागपूरच्या विधी महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या आधी त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद व्हिव्हियन बोस यांनी सांभाळले. तेही केंब्रिजचे आणि तेही बॅरिस्टर, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. परदेशातून कायदा शिकून आलेल्या माणसाला परतल्यावर दोन दारे उघडी असत, न्यायालयाचे आणि वर्गाचे. एकाच दिवशी दोन्ही दारांतून ये-जा करणारी माणसे त्या काळी होती.

सागरचे हरिसिंह गौर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. जन्म १८७०चा, घर सामान्य. काही शालेय शिक्षण जबलपुरात, मग नागपूरचे हिस्लॉप कॉलेज, तेथून १८८९मध्ये केंब्रिजचे डाउनिंग कॉलेज आणि पुढे इनर टेंपलची बॅरिस्टरी. परत येऊन त्यांनी मध्य प्रांतात वकिली केली. मालमत्ता हस्तांतरण, दंडविधान आणि हिंदू कायदा या विषयांवर त्यांनी लिहिलेले जाडजूड ग्रंथ पुढे पिढ्यान्‌पिढ्या वकिलांच्या टेबलावर राहिले. १९२२मध्ये दिल्ली विद्यापीठ सुरू झाले, त्याचे पहिले कुलगुरू गौर. पुढे नागपूर विद्यापीठाचेही ते कुलगुरू झाले. आणि १९४६मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, स्वतःच्या कमाईतले वीस लाख रुपये घालून त्यांनी सागरला विद्यापीठ उभे केले. ज्या गावात आपल्याला शिकायला महाविद्यालय नव्हते त्या गावाला विद्यापीठ देणारा हा माणूस परदेशात शिकला होता कायदाच.

ज्या वर्षी गौर इंग्लंडला गेले, त्याच वर्षी नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला पोहोचल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. १८९२मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हाती पडली १९२२मध्ये, कारण १९२०पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. इकडे भारतात स्त्रियांना वकिलीची सनद नव्हती. ती बंदी उठावी म्हणून केंद्रीय विधिमंडळात ज्यांनी आवाज उठवला त्यांत गौर आघाडीवर होते. १९२३मध्ये कायदा झाला आणि हा अडसर दूर झाला. परीक्षा उत्तीर्ण होऊन तीस वर्षे पदवीची वाट पाहणारी ही बाई मला आजच्या विद्यार्थ्यांना सांगावीशी वाटते. ज्ञान मिळणे आणि मिळालेल्या ज्ञानाला मान्यता मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा घोळ दुसऱ्या गोष्टीतला आहे.

त्या काळच्या बॅरिस्टरीभोवती तेज होते, पण त्यात अन्यायही होता. मुंबई आणि कलकत्ता उच्च न्यायालयांच्या मूळ शाखेत उभे राहण्याचा हक्क दीर्घकाळ बॅरिस्टरांपुरताच होता. येथेच शिकलेला वकील कितीही विद्वान असला, तरी त्या दारातून त्याला आत जाता येत नसे. लंडनच्या इनमध्ये ठरावीक सत्रांची भोजने ‘खाल्लेला’ माणूस पुढे, आणि दिवाणी प्रक्रिया तोंडपाठ असलेला माणूस मागे! १९२६च्या बार कौन्सिल कायद्याने ही उतरंड मोडायला सुरुवात केली आणि १९६१च्या अधिवक्ता कायद्याने देशात वकिलांचा एकच वर्ग केला. ते योग्यच झाले. शिवाय त्या इन कोणाला आत घेत आणि कोणाला बाहेर ठेवत, हेही विसरू नये. ग्रेज इनमध्ये १९०६मध्ये दाखल झालेल्या सावरकरांनी परीक्षा पूर्ण केल्या. १९०९मध्ये त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता नाकारण्यात आली ती त्यांच्या राजकारणापायी.

त्याच ग्रेज इनमध्ये १९१६मध्ये डॉ. आंबेडकरांनी नाव घातले. त्यांची गोष्ट धोरणाच्या अंगाने वाचली पाहिजे. १९१३मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले ते परतल्यावर बडोदा संस्थानाची सेवा करण्याच्या करारावर. करार पाळण्यासाठी ते १९१७मध्ये बडोद्याला आलेही. तेथे कचेरीत त्यांना जी वागणूक मिळाली आणि राहायला जागा मिळेना, हा इतिहास महाराष्ट्राला सांगायला नको. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नजरेतून मी इतकेच म्हणेन: संस्थानाने विद्यार्थ्यावर परतण्याचे बंधन घातले, पण तो परतल्यावर त्याला कोठे बसवायचे याची तयारी केली नाही. लंडनचा उरलेला अभ्यास पुरा करायला ते १९२०मध्ये पुन्हा गेले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज हे त्यांचे भांडवल होते.

आता १९७६ या वर्षाकडे येतो, कारण या विषयातले दोन धागे त्या वर्षी एकत्र येतात.

पहिला धागा कायद्यातील एका तारखेचा आहे. अधिवक्ता कायद्याच्या कलम २४मध्ये बॅरिस्टरांना थेट सनद देण्याची तरतूद होती. तिला मुदत घालण्यात आली: ३१ डिसेंबर १९७६पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांनाच ही सवलत. त्यानंतर परदेशी पदवी चालेल ती बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केली असेल तरच. विलायतेहून आला आणि काळा डगला घालून उभा राहिला, हा प्रकार त्या दिवशी संपला. आमच्या घरोघरी मात्र तो अजून संपलेला नाही. आजही ‘मुलगा लंडनला लॉ करतो’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात बॅरिस्टरच उभा राहतो.

दुसरा धागा जबलपूरच्या नावाचा. परदेशात तुलनात्मक राज्यघटना शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याची आमच्या शहराशी गाठ पडते ती ‘एडीएम जबलपूर’ या खटल्यातून. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते की नाही, हा प्रश्न होता. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने दाद मागता येते असे म्हटले; देशातील इतर अनेक उच्च न्यायालयांनीही तसेच म्हटले. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते फिरवले. त्या पाच न्यायमूर्तींपैकी ए. एन. राय ऑक्सफर्डला शिकलेले आणि ग्रेज इनचे बॅरिस्टर. एम. एच. बेग केंब्रिजचे आणि लिंकन्स इनचे. यशवंतराव चंद्रचूड पुण्याच्या विधी महाविद्यालयातून आलेले, पी. एन. भगवती मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून. हे चौघे बहुमतात. एकटे विरोधात उभे राहिले ते हंसराज खन्ना, आणि त्यांनी कायदा शिकला लाहोरात.

पाच माणसांवरून कोणताही सिद्धान्त काढू नये, हे मला कळते. बहुमतातही दोघे देशातच शिकलेले होते. शिवाय २०१७च्या खासगीपणाच्या निकालात हा जुना निर्णय चुकीचा होता असे ज्यांनी लिहिले ते धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव, आणि त्यांनी एलएल.एम. व डॉक्टरेट केली हार्वर्डला. तेव्हा परदेशी शिक्षणाने माणूस निर्भय होतो असेही नाही आणि बावळट होतो असेही नाही. पण ज्या पालकांना पदवीत आपोआप येणारी थोरवी दिसते, त्यांच्यासमोर मी ही यादी ठेवतो.

आता आजचा व्यवहार. येथे दोन वाटा वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण सल्ला देणारी दुकाने त्या मुद्दाम एकत्र करतात.

बारावीनंतर किंवा येथील पदवीनंतर परदेशात एलएल.बी. करणाऱ्याचा प्रश्न सनदेचा आहे. त्याची पदवी बार कौन्सिलने मान्य केलेल्या विद्यापीठाची असावी लागते. त्यानंतर त्याला कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. राज्यघटना, करार, कंपनी कायदा, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया, वकिलीची नीती असे तिचे विषय. मग राज्य बार कौन्सिलमध्ये नोंदणी आणि त्यापुढे सर्वांसाठी असलेली अखिल भारतीय बार परीक्षा. हे नियम कडक आहेत, पण अवाजवी नाहीत. इंग्लंडचा जमीन कायदा शिकलेल्या मुलाला सिहोऱ्याच्या तहसील न्यायालयात फेरफाराच्या नोंदीवर वाद घालायचा असेल, तर त्याने येथील प्रक्रिया शिकली पाहिजे. फक्त हे सारे तीन वर्षांच्या फीनंतर कळू नये, एवढेच.

आमच्याकडे आलेल्या मुलाची वाट दुसरी आहे आणि जबलपूर, नागपूर, अमरावती, कोल्हापूर अशा शहरांतून बहुसंख्य मुले तिनेच जातात. येथे एलएल.बी. करायचे आणि वर्षभराचे एलएल.एम. बाहेर. अशा विद्यार्थ्याला सनद येथील पदवीवरच मिळते, परदेशी एलएल.एम.ने त्याच्या वकिलीच्या हक्कात काडीची भर पडत नाही. मग ते कशासाठी? तीन उत्तरे दिली जातात: तेथे नोकरी मिळेल, येथे परतल्यावर मोठ्या लॉ फर्ममध्ये प्रवेश मिळेल, किंवा अध्यापनात जाता येईल.

तेथील नोकरीचे पाहू. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. तिला कायद्याचे एलएल.एम. लागतच नाही, कोणतीही पदवी, परीक्षेचे दोन टप्पे आणि दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव लागतो, आणि हा अनुभव काही अटींवर भारतात मिळवलेलाही चालतो. अमेरिकेत न्यू यॉर्कमध्ये मात्र ठरलेल्या विषयांचे एलएल.एम. केल्यास, काही अटींवर, परदेशी विधी पदवीधराला बारच्या परीक्षेला बसता येते; तेथे एलएल.एम.ला खरा व्यावहारिक उपयोग आहे. म्हणजे ज्या देशात मुले अधिक सहजपणे जातात तेथे ही पदवी सनदेसाठी अनावश्यक, आणि जेथे ती उपयोगाची तेथे फी सर्वांत जड. ब्रिटनमध्ये अभ्यासानंतर काम शोधण्यासाठी दोन वर्षे राहण्याची जी मुभा होती, तीही १ जानेवारी २०२७पासून होणाऱ्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणण्याचे जाहीर झाले आहे. यातले काहीही गुप्त नाही. पण लंडनच्या प्रवेशाचे हॉटेलात मेळावे भरवणारी मंडळी त्याबद्दल बोलत नाहीत, आणि वडील मंडळी विचारायला बिचकतात.

लॉ फर्मचा मार्ग खरा आहे. आंतरराष्ट्रीय लवाद, स्पर्धा कायदा, करार-वाटाघाटी या क्षेत्रांत परदेशी पदवीचा उपयोग होतो. बार कौन्सिलने मार्च २०२३मध्ये नियम अधिसूचित करून आणि मे २०२५मध्ये त्यांत सुधारणा करून परदेशी वकिलांना न्यायालयाबाहेरच्या, परदेशी कायद्यावरील सल्ल्यापुरता भारतात मर्यादित प्रवेश दिला आहे. त्यातून अशा कामाची मागणी वाढू शकेल. मात्र ते काम मुंबई, दिल्ली, बंगळूरूचे. जबलपुरात ते नाही.

तिसरे उत्तर अध्यापनाचे, आणि माझ्या मते खरी गोची येथे आहे. जबलपुरात २०१८मध्ये राज्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्थापन केले. राणी दुर्गावती विद्यापीठ आहे, जुने हितकारिणी विधी महाविद्यालय आहे. बाहेर शिकून आलेल्या तरुणाने हिदायतुल्लांप्रमाणे सकाळी शिकवावे आणि दिवसा न्यायालयात उभे राहावे, याची गरज आज अधिक आहे. पण त्याची पदवी येथील एलएल.एम.च्या तोडीची मानायची की नाही? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२-१३मध्ये देशातच एक वर्षाचे एलएल.एम. सुरू करू दिले. जानेवारी २०२१मध्ये बार कौन्सिलने नवे नियम आणून एलएल.एम. पुन्हा दोन वर्षांचे केले आणि परदेशातील एक वर्षाचे एलएल.एम. आपसूक समकक्ष धरता येणार नाही असे म्हटले. भारतातील विद्यापीठात वर्षभर शिकवण्याचा अनुभव असेल तर विचार होईल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्या शैक्षणिक वर्षी नियम लागू करणार नाही असे कौन्सिलने सांगितले. पुढे एप्रिल २०२५मध्ये अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांना समकक्षता देण्याचे स्वतंत्र नियम केले. ऑनलाइन अर्ज, ठरलेली मुदत, सारे काही नीटनेटके. पण वैद्यक, वास्तुशास्त्र यांच्याबरोबर विधी हा विषय त्यातून वगळला, कारण त्यासाठी वेगळी वैधानिक परिषद आहे.

नियमांची ही साखळी पुन्हा वाचून पाहावी. शिकवण्याची नोकरी हवी तर पदवी समकक्ष हवी. पदवी समकक्ष व्हायची तर शिकवल्याचा अनुभव हवा. सचिवालयात आम्ही अशा टिपणीला ‘गोल फिरणारी फाइल’ म्हणत असू. तशी फाइल वर्षानुवर्षे फिरते आणि दरम्यान कोणाचे तरी वय निघून जाते.

पैशांचा हिशेब मी त्या वडिलांबरोबर कागदावर मांडला. फी, राहणे, व्हिसा, आरोग्य अधिभार, विमानभाडे मिळून पस्तीस लाखांचे कर्ज त्यांनी गृहीत धरले होते. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षे मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे ४७ हजार रुपये येतो. शिक्षणाच्या वर्षात साचणारे व्याज वेगळे. शैक्षणिक कर्जासाठीची केंद्राची पतहमी योजना साडेसात लाखांपर्यंतच तारण टाळते. त्यापुढे बँक घर मागते. व्याजावर आठ वर्षे आयकरात वजावट मिळते, पण वजावटीचा फायदा व्हायला आधी करपात्र उत्पन्न हवे. आणि उत्पन्न किती? ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिलने कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही. ज्याला ती लागू होईल त्या तरुणाचा पगार हप्त्याच्या निम्माही होत नाही. म्हणून तो जबलपूरला परतत नाही. त्याला गाव नकोसे झालेले नसते. हप्त्याला जबलपूर परवडत नाही.

आपल्याकडे यावर लगेच ‘ब्रेन ड्रेन’चा शंख फुंकला जातो. मला तो आवाज आवडत नाही. दोष देण्याआधी राज्याने स्वतःचे वागणे पाहावे. अनुसूचित जाती आणि इतर वंचित घटकांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५पासून चालू आहे. सध्या वर्षाला १२५ जागा. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३पासून आहे आणि तिच्यात ७५ विद्यार्थी निवडले जातात. घर गहाण ठेवायला ज्यांच्याकडे घरच नाही, अशांसाठी हाच एक रस्ता आहे. केंद्राच्या योजनेत २०२२मध्ये एक अट घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. भारतातील जातीसंस्थेवर १९१६मध्ये कोलंबियात निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज या अटीखाली बाद झाला असता. आणि जुलै २०२५मध्ये या योजनेत निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी केवळ ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाल्याच्या बातम्या आल्या. बाकीच्यांची पत्रे निधीच्या उपलब्धतेवर सोडली होती. विद्यापीठ सप्टेंबरात सुरू होते. जुलैत असे पत्र हाती पडलेल्या मुलाने काय करायचे?

छाननी समितीवर असताना माझ्यासमोर एक अर्ज आला होता. मुलगी महाकोशलातल्या एका छोट्या गावची, गुण उत्तम, प्रवेश नामवंत ठिकाणचा, विषय आदिवासींचे वनहक्क. मंजुरीची फाइल ज्या कार्यालयात गेली तेथे ती उत्पन्नाच्या दाखल्यावरील एका शिक्क्यासाठी अकरा आठवडे पडून राहिली. प्रवेशाची मुदत गेली. नोंद झाली ती ‘उमेदवाराने लाभ घेतला नाही’ अशी. त्या शेऱ्याखाली सही करणाऱ्यांत मीही होतो.

करण्यासारखे काय आहे, ते फार अवघड नाही. बार कौन्सिलने विद्यार्थी निघण्यापूर्वीच लेखी सांगावे की अमुक विद्यापीठाचा अमुक अभ्यासक्रम येथे कोणत्या कामासाठी चालेल आणि कोणत्या कामासाठी नाही. ही यादी हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत असावी, कारण खरेदीखतावर सही करणारे वडील बहुधा इंग्रजी राजपत्र वाचत नाहीत. एक वर्षाच्या परदेशी एलएल.एम.ला अध्यापनासाठी मान्यता द्यायची की नाही, याचा एकदाच निकाल लावावा. ‘नाही’ हे उत्तरही चालेल; अनिश्चितता चालत नाही. शिष्यवृत्तीवर परतण्याची अट जरूर घालावी, पण तिच्याबरोबर जागाही द्यावी: राज्याच्या विधी विद्यापीठात दोन वर्षांचे अध्यापन, उच्च न्यायालयात संशोधन साहाय्यक, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात काम. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्तीसुद्धा अभ्यासानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट घालते. मायदेशाने मात्र त्या दोन वर्षांचा काही विचार केलेला नाही.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे आणि त्यात तथ्य आहे. मूठभर विद्यार्थ्यांची एवढी चिंता कशाला, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विधी महाविद्यालयांत शिक्षकांची वानवा आहे त्याकडे आधी पाहा, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण त्या वानव्याचे एक कारण हेच आहे की बाहेरून शिकून आलेल्यांना आपण वर्गाच्या दाराशी अडवतो, आणि दुसरे असे की येथेच शिकलेल्यांना आपण तासिकेच्या हिशेबाने राबवतो. दोन्ही प्रश्नांची मुळे एकाच बाकावर सापडतील.

आमच्याकडे आलेल्या त्या मुलाने काय केले, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. मी त्याला जाऊ नकोस असे म्हटले नाही; तो अधिकार माझा नाही. त्याने स्वतःच दोन दिवसांनी फोन केला. ‘काका, आत्ता नाही जात. आधी सनद घेतो आणि दोन वर्षं इथंच हायकोर्टात काढतो. चिव्हनिंगला तसाही दोन वर्षांचा अनुभव लागतो.’ सध्या तो एका ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयात सकाळी नऊला हजर असतो, जमीन अधिग्रहणाच्या अपिलांच्या तारखा लिहितो आणि रात्री घटनात्मक कायद्याचे वाचन करतो. विद्यावेतन किती मिळते, हे मी विचारले नाही. वडिलांनी बँकेचा अर्ज परत घेतला. खरेदीखत कपाटात आहे. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर दोन वर्षांनी ते पुन्हा बाहेर काढावे लागेल, असे ते परवा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, आणि तोवर नियम काही बदलतील का, असेही त्यांनी विचारले.